आधी वेळ ठरवा, मग ठिकाण
मुंबईत मुलांना घेऊन कमी खर्चात कुठे आणि कसं फिरावं

रविवारी सकाळी अकराला घरात विषय निघतो, "आज मुलांना कुठेतरी नेऊया." बारापर्यंत ठिकाण ठरत नाही. एकला सगळे बाहेर पडतात. मेगाब्लॉकमुळे लोकलला ही गर्दी, म्हणून टॅक्सी होते. ऊन आहे म्हणून एसी असलेली जागा शोधली जाते. जेवणाची वेळ टळून गेलेली असते, म्हणून चौघांचं हॉटेलात जेवण होतं. रात्री हिशेब लागतो तेव्हा दोन-अडीच हजार गेलेले असतात आणि मुलांनी पाहिलेला असतो एक मॉल. मग घरात एकमत होतं की मुंबईत पोरांना घेऊन बाहेर पडणं काही परवडत नाही.

यातला एक रुपयाही ठिकाणाच्या तिकिटावर गेलेला नसतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. या शहरात बागा, लेणी, किनारे, संग्रहालयं, जंगल सगळं आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट किंवा नाममात्र पैशांत पाहता येतं. पैसे जातात ते वेळ चुकली म्हणून. वार चुकला की दार बंद मिळतं, तास चुकला की ऊन आणि रांग, भरती-ओहोटी चुकली की किनाऱ्यावर बघायला काही उरत नाही. मग रिकाम्या हातानं परत कसं जायचं म्हणून जवळचं काहीतरी महागडं केलं जातं. म्हणून 'कुठे जायचं?' या प्रश्नाआधी 'केव्हा जायचं?' हे ठरवावं. वेळ जमली की ठिकाणं आपोआप सुचतात. तिकिटांचे दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, तेवढं निघण्याच्या आदल्या रात्री पाहून घ्यावं.

कुठल्या वारी काय बंद

दोन वार पक्के लक्षात ठेवा. सोमवारी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी, घारापुरीची लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण बंद असतं. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र मात्र मोजके सण सोडले तर आठवडाभर चालू असतं, त्यामुळे सोमवारी शाळेला सुट्टी मिळाली की तेच बरं.

शाळेला सुट्टी आणि बाकी शहर कामावर, असे दिवस वर्षातून चार-दोनदा येतातच. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी किंवा परीक्षा संपल्यावर निकालाआधी. आई-बाबांपैकी एकाला त्या दिवशी रजा जमत असेल तर ती जरूर घ्यावी. रविवारी जिथे दीड तास रांगेत जातो तिथे मंगळवारी पाच मिनिटांत आत जाता येतं.

स्वस्तात पूर्ण दिवस भरून काढणारं ठिकाण म्हटलं तर पहिलं नाव राणीच्या बागेचंच घ्यायला हवं. नावावर आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असलं तरी भायखळा स्टेशनवर उतरून कुणालाही 'राणीची बाग' विचारा. पूर्वेकडून दहा-बारा मिनिटं चालत जाता येतं. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं अशा कुटुंबाला एकत्र तिकीट १०० रुपये. सकाळी साडेनऊला दार उघडतं आणि त्याच वेळी पोचणं शहाणपणाचं, कारण सकाळी प्राणी जागे असतात आणि पेंग्विनच्या दालनासमोर रांग नसते. हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेत. ते दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुलांना हे आधी सांगून ठेवलंत तर 'बर्फ कुठाय?' या प्रश्नाची तयारी होईल.

पेंग्विन आणि पाणघोडा पाहून लगेच परत फिरू नका. बाग १८६२ सालची आहे आणि तिथली काही झाडं तितकीच जुनी. गोरखचिंचेचं खोड कवेत घ्यायला किती जण लागतात, हे मुलांना हात धरून मोजायला लावा. मग शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात चला. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मुंबईचं सगळ्यांत जुनं संग्रहालय. मोठ्या संग्रहालयांत मुलं अर्ध्या तासात कंटाळतात, इथे मात्र त्यांच्या उंचीच्या कपाटांतून छोट्या छोट्या मातीच्या बाहुल्या मांडल्या आहेत. जुन्या मुंबईतले निरनिराळ्या समाजांचे लोक, त्यांचे कपडे, त्यांच्या पगड्या. आपल्या आजोबांच्या आजोबांची पगडी यांतली कोणती असेल, यावर घरातले मोठेही वाद घालत उभे राहतात.

बाहेर अंगणात एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडून फुटला, आणि १९१४ साली तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. मुलांना सांध्यांच्या रेघा शोधायला सांगा. गोष्ट आधी सांगितली की ती हत्तीभोवती दोन फेऱ्या मारतात, न सांगता नेलंत तर फक्त फोटो काढून पुढे जातात.

लोकलचा रविवार

मुंबईत सगळ्यांत स्वस्त वाहन लोकल, पण रविवारी तिचा भरवसा धरू नये. मध्य रेल्वे आणि हार्बरवर देखभालीसाठी बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो. साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत. पश्चिम रेल्वेवर असतो त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. कोणत्या स्टेशनांदरम्यान, कोणत्या मार्गावर, हे शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रांत छापून येतं आणि मोबाइलवरच्या एम-इंडिकेटरवरही मिळतं. ते वाचताना एक गोष्ट नीट पाहावी. धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या असतील तर मधल्या काही स्टेशनांवर त्या थांबतच नाहीत. विद्याविहार, कांजूरमार्गसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, पाहुण्यांना मात्र प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर कळतं.

यावर उपाय सोपा आहे. ब्लॉक सुरू होण्याआधी पोचायचं आणि संपल्यावर परतायचं. सकाळी आठची गाडी पकडलीत तर डबे बऱ्यापैकी रिकामे मिळतात. मुलांना खिडकी मिळते, आणि लहान मुलांसाठी निम्मी सहल तीच असते.

पाच वर्षांखालच्या मुलांना लोकलमध्ये तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. दिवसभरात दोन-तीन ठिकाणी उतरायचं असेल तर उपनगरी गाड्यांचं टूरिस्ट तिकीट मिळतं. ते एक, तीन किंवा पाच दिवसांसाठी असतं आणि तिन्ही मार्गांवर चालतं. बाहेरगावचे पाहुणे मुलांसह राहायला आले असतील तर त्यांना ते जरूर काढून द्यावं.

गाडीत शिरण्याआधी दोन नियम मुलांकडून पाठ करून घ्या. एक, चढताना किंवा उतरताना ताटातूट झाली तर गाडीत राहिलेल्यानं पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथेच थांबायचं, परत उलट गाडी पकडायची नाही. मागे राहिलेल्यानंही जागा सोडायची नाही, शोधायला मोठ्यांनी जायचं. दोन, मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेननं आईचा मोबाइल नंबर लिहायचा. मुलाला नंबर पाठ असला तरीही लिहावा, कारण घाबरलेलं मूल स्वतःचं नावही नीट सांगत नाही.

एका दिवसात एकच टोक गाठा, हा प्रवासाचा शेवटचा सल्ला. सकाळी बोरिवली आणि संध्याकाळी गेटवे असा बेत कागदावर छान दिसतो, पण दुपारी तीनला धाकटं खांद्यावर झोपतं आणि तिथून टॅक्सीचं मीटर सुरू होतं.

सकाळ जंगलाची

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे आणि ते पूर्णपणे महानगराच्या पोटात आहे. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की दार येतं. आठच्या आत तिथे असाल तर थंडावा मिळतो, पक्षी मिळतात, आणि दहानंतर येणारा सहलींचा लोंढा चुकतो.

कान्हेरी लेणी दारापासून आत सहा-सात किलोमीटरवर आहेत. हे अंतर मुलांना चालायला लावू नका, आत बस असते. उद्यानाचं प्रवेशतिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. लेणी पुरातत्त्व खात्याची आहेत, तिथे भारतीयांना २५ रुपये आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. ही सवलत पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या सगळ्याच वास्तूंना लागू आहे. शाळकरी मुलं असलेल्या घरांना देशात कुठेही फिरताना ती उपयोगी पडते.

लेणी शंभराहून अधिक आहेत. सगळी पाहण्याचा हट्ट धरलात तर मुलं तिसऱ्या लेण्यानंतर खाली बसतील. त्यापेक्षा त्यांना शोधायला एक काम द्या. 'भिक्खूंना पाणी कुठून मिळायचं?' हा प्रश्न सकाळभर पुरतो. जवळपास प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी दगडात खोदलेलं टाकं आहे, त्याला पोढी म्हणतात. वर कातळावर नजर टाकली की पावसाचं पाणी वळवून आणणारे बोटभर, वीतभर रुंदीचे चर दिसतात. त्या चराचा माग काढत मुलं खडक चढत जातात आणि दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं पाणी साठवण्याचं गणित त्यांना पायांनी कळतं. मग तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जाऊन एकदा हळूच गुणगुणायला सांगा. त्या कमानदार छताखाली साधा आवाजही कसा भरून येतो, हे ऐकण्यासारखं असतं.

दोन सावधगिऱ्या. कान्हेरीची माकडं फार धीट आहेत, खाऊची पिशवी हातात दिसली की ती गेलीच म्हणून समजा. डबा पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा आणि खाणं खाली येऊन उरका. दुसरं म्हणजे पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळं असतं. जुलैत कातळावरून ओहोळ वाहतात, दृश्य सुंदर असतं, पण चपला-सँडल घालून येऊ नका.

मोठ्या जंगलाची दमछाक नको असेल तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मिठी नदीकाठच्या ज्या जागेवर पूर्वी शहराचा कचरा पडायचा, त्याच जागेवर झाडं लावून सुमारे ३७ एकरांवर हे जंगल उभं केलं. प्रवेश अगदी नाममात्र, चालायला सपाट वाट, आणि पावसाळा संपता संपता फुलपाखरं भरपूर. तान्ही मुलं आणि गुडघे दुखणारे आजी-आजोबा दोघांनाही सोबत नेता येईल अशी ही जागा.

समुद्राचं घड्याळ

मुंबईत फुकट मिळणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे समुद्र, आणि तो पाहायला बहुतेक लोक चुकीच्या वेळी जातात. पूर्ण भरतीला चौपाटीवर वाळूचा पट्टा उरतो आणि त्यावर भेळ खाण्यापलीकडे काही करता येत नाही. ओहोटीला त्याच ठिकाणी समुद्र मागे सरकून सगळं उघडं टाकतो. खडकांतल्या डबक्यांत शंखात घर केलेले खेकडे, चिकटून बसलेल्या गोगलगायी, समुद्रफुलं. गिरगाव चौपाटीच्या कडेचे खडक, हाजी अलीचा खडकाळ किनारा, वांद्र्याचा कार्टर रोड अशा ठिकाणी हे सगळं दिसतं, आणि तिकीट नाही.

ओहोटी केव्हा हे समजायला अॅप लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तिथून सहा तास पुढे किंवा मागे पूर्ण ओहोटी. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पण अष्टमीचा भांग असतो, त्या दिवशी पाणी फारसं मागे जात नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जितकी वर तितकीच ओहोटी खोल. म्हणून खडकांतले जीव पाहायला द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम. हा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक एकदा पाहा आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पाणी वळलं की मुलांना घेऊन मागे फिरायचं, 'आणखी पाच मिनिटं' चालणार नाही.

बंद बूट घाला, जुने असले तर बरं. जीव हातात उचलायचे नाहीत, दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा. शंख रिकामे दिसले तरी घरी आणू नयेत, कारण त्या शंखांत राहायला येणारे खेकडे घर शोधतच फिरत असतात. पावसाळ्यात हा बेत करूच नका. उधाणाच्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या दिवशी वांद्र्याच्या आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यांपासून चार हात लांब राहावं. ऑगस्टच्या आसपास जुहूच्या वाळूत निळ्या फुग्यासारखे, जेलीफिशसारखे दिसणारे जीव वाहून येतात, त्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचा डंख जबर असतो.

रोहित पक्ष्यांचंही वेळापत्रक समुद्राच्याच हातात आहे. थंडीत ते येतात आणि साधारण मेपर्यंत राहतात. ठाणे खाडीत ओहोटीला ते चिखलात पसरून खातात, भरतीला पाणी वाढलं की नेरूळ-सीवूड्समागच्या पाणथळ जागांत येऊन गर्दीनं उभे राहतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीनं नेतात, तो अनुभव चांगला, पण चौघांचं भाडं भरताना हात आखडतो. त्यापेक्षा हार्बरनं सीवूड्सला उतरा, भरतीची वेळ साधा आणि काठावरून पाहा. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तरी गुलाबी रंग लांबून कळतो.

बोटीत बसायचंच असेल तर घारापुरीची लाँच हा चौघांसाठी स्वस्त पर्याय नाही. वर्षातून एकदा ठरवून करण्याची ती सहल आहे. बोटीची हौस वेसाव्याहून मढला किंवा मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या रोजच्या फेरीबोटीनं भागते. मासळीच्या टोपल्या, सायकली, कॉलेजची पोरं सगळे एकत्र पलीकडे जातात. पाण्यावरचा प्रवास थोडक्या वेळाचा, पण माणशी अगदी किरकोळ पैशांत आणि मुलांच्या लेखी बोट ती बोटच.

ऊन आणि पाऊस

एप्रिल-मेमधली दुपार आणि जुलैतला आठवडा, या दोन्ही वेळी छप्पर हवं. नेहरू विज्ञान केंद्र यासाठीच आहे असं समजा. १९८५ साली सुरू झालेल्या या केंद्रात 'हात लावू नका' अशी पाटी जवळजवळ नाही. कळ दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा. सहा ते बारा वयाची मुलं इथे चार तास सहज रमतात. महालक्ष्मी स्टेशनवरून चालत जाता येतं. जवळच नेहरू तारांगण आहे, १९७७ सालचं. तिथल्या खेळांच्या भाषा आणि वेळा ठरलेल्या असतात. मराठी खेळ किती वाजता हे पाहूनच निघा, नाहीतर पाच वर्षांचं पोर इंग्रजी निवेदनात झोपी जातं आणि तिकीट वाया जातं.

थंडी हा मुंबईत बाहेर पडायचा खरा मोसम. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फोर्टमध्ये काळा घोडा कला महोत्सव भरतो. रस्ताभर मांडलेल्या कलाकृती, मुलांसाठी कार्यशाळा, नाच-गाणी, प्रवेश मोफत. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मात्र तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, मुलांना न्यायचं तर कामाच्या दिवशी दुपारी तीन-चारला. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास शहरातल्या विज्ञान संस्था शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम ठेवतात, त्यांवर लक्ष ठेवा. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत नाट्यगृहांतून बालनाट्यांचे प्रयोग लागतात. त्यांची तिकिटं सिनेमापेक्षा स्वस्त मिळू शकतात, आणि समोर जिवंत राक्षस बघून मुलं जशी किंचाळतात तसं पडद्यासमोर होत नाही.

संध्याकाळ फोर्टची

रविवारी दुपारी चारनंतर फोर्ट ओस पडतं. ऑफिसं बंद, रस्ते रिकामे, आणि एरवी धावत ओलांडायच्या चौकात उभं राहून वर बघता येतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात करा. १८८७-८८ च्या सुमारास उभी राहिलेली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही इमारत म्हणजे दगडातलं प्राणिसंग्रहालय आहे. समोरच्या दाराच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. भिंतींवर मोर, माकडं आणि आणखी बरंच काही. जो सगळ्यांत जास्त प्राणी शोधेल त्याला पाणीपुरी, असं जाहीर करा आणि बघा.

तिथूनच नरिमन पॉइंटच्या एनसीपीएकडे जाणारी दुमजली एसी बस मिळते. बेस्टचं एसी बसचं किमान भाडं १२ रुपये. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडून द्यावी लागली तरी सोडा. तिथे उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्यास्त बघायचा आणि चर्चगेटवरून घरी. वेगळं काही हवं असेल तर मलबार हिलवर २०२५ मध्ये खुली झालेली उंचावरची निसर्गवाट आहे. झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवरून जाणाऱ्या लाकडी पुलावरून चालायचं. तिकीट २५ रुपये, पण ते आधी ऑनलाइन काढून ठेवावं लागतं. शेजारीच कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट आणि फिरोजशहा मेहता उद्यान, त्यामुळे आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांचे फोटो एकाच ठिकाणी निघतात.

पिशवीत काय, खिशात किती

आता हिशेब करू. ठाण्याचं चौघांचं कुटुंब, दोन मुलं बाराच्या आतली. भायखळ्याचं दुसऱ्या वर्गाचं जाण्याचं तिकीट माणशी २० रुपयांच्या आत, मुलांचं अर्धं. म्हणजे येऊन-जाऊन १२० च्या आत. राणीची बाग १००. वर संग्रहालयाचं तिकीट. तीनशेच्या आसपास दिवस होतो. आता त्यात बाहेरचं जेवण, चार पाण्याच्या बाटल्या, एक टॅक्सी आणि दोन फिरणारी दिव्यांची खेळणी मिळवा. दीड हजार कुठेच गेले नाहीत.

म्हणून पिशवी आदल्या रात्रीच भरा. दशम्या किंवा ठेपले, कोरडी बटाट्याची भाजी, दही घरी ठेवून चटणी न्या. काकडी चिरून नेऊ नका, तिथे सोला. डबे स्टीलचे, कारण उद्यानांच्या दारात प्लास्टिक अडवतात. माणशी एक लिटर पाणी, एक जुनी चादर बसायला, एक कोरडा टॉवेल, लहानग्याचे कपडे दोन जोड. स्वच्छतागृह दिसलं की सगळ्यांनी जाऊन यायचं, लागली असो वा नसो. संग्रहालयं आणि विज्ञान केंद्रातली बरी असतात, किनाऱ्यावर फारशी सोय नसते, हे लक्षात ठेवून पाणी पाजा.

बाहेरचं काहीच खायचं नाही, असा कडक नियम करू नका, मुलं दिवसभर तेवढंच आठवतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या हातात ५० रुपये द्या आणि सांगा की आजचे हे तुझे. गोळा, फुगा, कणीस, काय हवं ते घे, उरले तर तुझ्या गल्ल्यात. पहिल्या सहलीत पैसे पहिल्या फुगेवाल्यापाशीच संपतात. दुसऱ्या सहलीपासून मूल किंमत विचारून पुढच्या गाडीवर जातं.

मोठ्या मुलांचा, म्हणजे तेरा-चौदाच्यांचा, प्रश्न वेगळा. त्यांना आई-बाबांबरोबर दिसायचं नसतं. त्यांच्याकडे मेगाब्लॉक पाहण्याचं, भरतीची वेळ काढण्याचं आणि हिशेब ठेवण्याचं काम सोपवा. बेत त्यांचा असला की तक्रार कमी होते.

सुरुवात कुठून

पश्चिम रेल्वेवर राहत असाल तर पहिला बेत सकाळच्या कान्हेरीचा करा. मध्य रेल्वेवर असाल तर राणीच्या बागेचा. हार्बरवर असाल तर थंडीत भरतीच्या वेळी सीवूड्स. तिन्ही ठिकाणी सहसा गाडी बदलावी लागत नाही आणि मुलं दुपारी दोनपर्यंत घरी येऊन झोपू शकतात. आज रात्री कालनिर्णय खाली उतरवा, पुढच्या दोन महिन्यांतल्या शाळेच्या सुट्ट्यांवर गोल करा, त्या दिवशीची तिथी पाऊणपट करून बाजूला वेळ लिहा आणि सोमवार-बुधवार आला असेल तिथे काट मारा. उरलेल्या तारखांतली पहिली तारीख तुमच्या सहलीची. ठिकाण मुलांना निवडू द्या.